कुलपासारखी सही

पेंटरनं सही करायला घेतली की बँकेतली माणसं हातातलं काम बाजूला ठेवून बघायची. पेन एकदा कागदाला टेकलं की उचलायचं नाही. पहिलं अक्षर दुकानाच्या बोर्डावर असावं तसं ताठ वर जायचं, तिथून गिरकी घेऊन खाली यायचं, त्या गिरकीच्या पोटात आणखी एक बारीक गिरकी, मग एक लांब शेपूट सगळ्यांच्या खालून मागं फिरायचं आणि पहिल्या अक्षराची टाच धरायचं. शेवटी त्या बारीक गिरकीच्या आत, मुंगीनं अंग चोरून बसावं एवढ्या जागेत, एक टिंब. टिंब पडलं की पेंटर पेनाला टोपण लावायचा आणि म्हणायचा, "लागलं कुलूप."

लोक सही करतात, ह्यानं ती बांधली होती. लग्नानंतर पहिलं खातं उघडायचं ठरलं तेव्हा किती तरी दिवस तो जुन्या बिलांच्या पाठीवर गिरवत बसायचा. नवी नवरी विचारायची, "अहो, नाव लिहायला एवढा वेळ?" तर म्हणायचा, "नाव नाही गं लिहीत. चोराला घाम फोडतोय."

त्यामागं कारण होतं. पेंटरच्या बापाला लिहिता येत नव्हतं. मेव्हण्यानं पुढं केलेल्या कागदावर बापानं विश्वासानं अंगठा उठवला आणि राहती खोली मेव्हण्याची झाली. सामान रस्त्यावर आलं. त्या दिवसापासून अंगठा म्हटलं की पेंटरचं डोकं फिरायचं. "आमच्या घरात अंगठा फक्त टाचणी टोचायला," असं तो पाहुण्यांना हसून सांगायचा. पण बायकोला माहीत होतं, हसणं वरवरचं आहे. लग्न होऊन आली तेव्हा तिला जेमतेम अक्षरओळख होती. त्यानं पहिलं काम काय केलं, तर तिला सही शिकवली. साधी, सुटी अक्षरं. "तुझी नंतर कधी तरी नक्षीदार करू," म्हणाला होता. ते राहूनच गेलं.

सगळा भाग त्याला पेंटर म्हणायचा आणि तिला पेंटरीणबाई. आणि ते उगीच नव्हतं. बोर्डाची बाह्यरेषा त्याची, आत रंग भरायचा तिनं. तो शिडीवर, ती खालच्या ओळीला. त्याच्या अक्षराचं पोट कुठं फुगतं, मान कुठं वळते, ब्रश कुठं दाबायचा आणि कुठं नुसता ओढत न्यायचा, हे तिच्या बोटांना डोळे मिटून ठाऊक झालं होतं. बेकरी, केशकर्तनालय, दवाखाना, सायकलचं दुकान, अर्ध्या बाजारावर दोघांचा हात फिरलेला. पुढं छापील फलक आले, स्वस्त आणि चकचकीत, आणि शिडी जिन्याखाली गेली. पण तोवर लेकीचं शिक्षण झालं होतं, लग्न झालं होतं, आणि म्हातारपणापुरतं बँकेत साठलं होतं.

त्या साठलेल्यावर पेंटर डोळ्यात तेल घालून बसायचा. दाराजवळ खिळ्याला तार लोंबत होती, आलेलं बिल तिच्यात टोचायचं. विजेचं, पाण्याचं, घरपट्टीचं. मुदतीच्या आधी चेक लिहायचा. कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा. रक्कम अक्षरात लिहून पुढं 'फक्त', आणि 'फक्त'च्या पुढं कडेपर्यंत एक रेघ, म्हणजे मागाहून कुणाला शेपूट जोडता येऊ नये. मग दोघं मिळून चालत जायचे, चेक पेटीत टाकायचे, पासबुक छापून घ्यायचे, आणि येताना कोपऱ्यावर चहा. पेंटरच्या हिशेबी ही चैन होती.

लेक दूरच्या शहरातून फोन करायची. "बाबा, अहो फोनवर दोन मिनिटांत होतं सगळं."

"दोन मिनिटांत होतं, तसं दोन मिनिटांत जातंही गं बाई."

"तुम्ही म्हणजे ना!"

"आम्ही म्हणजे असेच. तुझ्या फोनला सही करता येते का? नाही ना? मग त्याला काय विचारायचं!"

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना एकदा फोन आला, बँकेतून बोलतोय म्हणून. समोरच्यानं विचारलेले आकडे मास्तरांनी इमानदारीत सांगितले आणि जिना उतरून खाली येईपर्यंत आयुष्यभराची शिल्लक गेली. तोच आवाज पुढं पेंटरच्या फोनवरही आला. पेंटर म्हणाला, "बँकेतून बोलतोस? मी बँकेतच उभा आहे. हात वर कर बघू, कुठला तू?" पलीकडून फोन आपटला. ही गोष्ट पेंटरनं भेटेल त्याला सांगितली. फक्त मास्तरांसमोर कधी काढली नाही.

असा हा माणूस. आणि त्याचा हात हलायला लागला.

पहिल्यांदा चहाची बशी वाजली. मग सदऱ्याची बटणं लागेनात. डॉक्टरांनी नसांचं दुखणं सांगितलं, गोळ्या दिल्या, म्हणाले, बरं होणार नाही, पण आटोक्यात राहील. पेंटरनं त्यातलं 'आटोक्यात' तेवढं ऐकलं. कपाटाची किल्ली कुलपात जाईना, म्हणून ती बायकोच्या कमरेला आली. चेकवरचा मजकूर ती लिहू लागली. सही मात्र त्याची. एका हातानं दुसरं मनगट धरून तो पेन टेकवायचा, आणि पेन आपल्या मर्जीनं चालायचं.

विजेचा चेक परत आला. सही जुळत नाही. वर दंड, आणि कनेक्शन तोडण्याची लाल अक्षरातली नोटीस. पेंटर तरातरा बँकेत गेला. काउंटरवरच्या मुलीनं चेक समोर ठेवला, शेजारी जुना नमुना दाखवला. मुलगी चांगली होती बिचारी.

"काका, ही तुमची आहे हे मला माहीत आहे. पण मशीनला कसं सांगू? तुम्ही नवीन नमुना द्या ना. साधी सही करा, नुसतं नाव."

"साधी सही म्हणजे उघडं दार," पेंटर म्हणाला. "आणि आज साधी केली ती उद्या तशीच येईल, ह्याचा जामीन कोण राहतंय? तू?"

मुलीनं चेक त्याच्यापुढं सरकवला. येताना पेंटर चहाला थांबला नाही.

त्यानंतर दुपारभर तो वर्तमानपत्राच्या कडांवर सही गिरवायचा. बायको भाजी निवडता निवडता बघायची. गिरकी फुटायची, शेपूट वाट चुकायचं, टिंब कुठं तरी परक्या अंगणात पडायचं. चोरासाठी घातलेलं कुलूप, आणि धनीच दाराबाहेर. कागद संपला की तो विचारायचा, "आज जरा बरी आहे ना?" ती म्हणायची, "आहे की."

पाण्याचा चेकही परत आला. मग पुन्हा विजेचं बिल. त्यानं घाम पुसत चेकवर सही केली. त्या दिवशी त्याला चक्कर येत होती, म्हणून ती एकटीच निघाली. बँकेच्या व्हरांड्यात, डिंकाची बाटली आणि दोरीला बांधलेलं पेन असतं त्या फळीपाशी ती थांबली. चेककडं बघितलं. हा परत येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. परत येणार, दंड बसणार, आणि घरी पेंटर पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडणार.

तिनं पिशवीतून चेकबुक काढलं. कोरं पान लिहिलं. आणि दोरीचं पेन सोडून स्वतःचं काढलं, ब्रश धरतात तसं चिमटीत धरलं आणि श्वास रोखला. वर ताठ, गिरकी, पोटातली गिरकी, शेपूट, टाच. टिंब. हात एकदाही अडला नाही. रंग भरताना अडायचा नाही, तसाच. कागदावर तिच्या नवऱ्याचा तरणाबांड हात उमटला होता.

नवऱ्याचा चेक तिनं फाडला. बारीक बारीक तुकडे केले. ती वेडीवाकडी सही फाडताना मात्र तिचा हात अडला. खरी ती होती.

चेक वटला. पेंटरनं पासबुक उघडून दोनदा बघितलं. "अगं! वटला!"

"वटणारच."

"बघितलंस? गोळ्या लागू पडायला लागल्या."

सांगायचं तिनं मनात शंभरदा ठरवलं, आणि तो हसला की ते राहून जायचं. पुढच्या बिलाला तेच झालं, त्याच्या पुढच्यालाही. तो घरी सही करायचा, ती व्हरांड्यात. एका बिलाला दोन पानं जात होती, पण चेकबुक तिच्या कपाटात, कोण मोजतंय? दर चेक वटला की पेंटरची मान थोडी वर यायची. लेकीला फोनवर सांगायचा, "दिसायला जरा वाकडी येते, पण मशीन ओळखतंय. म्हणजे मूळ तेच आहे बघ." लेक म्हणायची, "वा बाबा!" आणि मग आईला हळूच विचारायची, "खरंच बरंय का गं?" आई म्हणायची, "हं."

तो बरा होत चाललाय, ह्यावर सगळ्यांत जास्त विश्वास त्याचाच बसला. एके दिवशी तो बाजारातून पुडकं घेऊन आला. आत नवे ब्रश. चांगले, महागातले.

"हे कशाला?"

"औषधवाल्याचा बोर्ड पार उडालाय. त्याला म्हटलं, छापील नको लावूस, मी करून देतो. दिवाळं काढणार नाही तुझं, म्हटलं. तो म्हणतोय, जमेल का? म्हटलं, बँक विचारत नाही, तू कोण विचारणारा!"

तिनं पुडकं पुन्हा गुंडाळलं. "घाई काय आहे? थंडी सरू द्या."

"तू भरशील ना खालची ओळ?"

"भरीन."

ब्रश त्यानं उशाशी ठेवले.

आणि मग एका सकाळी त्यानंच विषय काढला. खातं एकट्याच्या नावावर आहे, तुझं नाव घालून घेऊ. उद्या माझं बरंवाईट झालं तर तुला चेक वटवायला वणवण नको. मास्तरांच्या बहिणीचं काय झालं बघितलंस ना, नवरा गेला आणि स्वतःच्याच पैशासाठी बाईच्या चपला झिजल्या. "हात चालतोय तोवर उरकून घेऊ," तो म्हणाला. "साहेबासमोर सही करावी लागते. ती मी करीन."

"लेक येईल तेव्हा करू."

"लेकीचं काय काम त्यात? सही तिनं करायचीय का?"

"आज नको. माझं अंग मोडून आलंय."

"बसायला खुर्ची असते तिथं," पेंटर म्हणाला, आणि इस्त्रीचा सदरा काढला. बटणं तिनं लावली. आत्ता सांगावं, आत्ता, जिन्यात, कोपऱ्यावर, दारात. पण तो इतक्या दिवसांनी शीळ घालत चालला होता. शीळ घालणाऱ्या माणसाला कसं थांबवायचं?

साहेब मध्यम वयाचे, मऊ बोलणारे होते. त्यांनी अर्ज भरून घेतला, तिची साधी, सुटी अक्षरं घेतली आणि कागद पेंटरपुढं सरकवला. पेंटरनं मनगट धरलं. पेन टेकलं. आणि ते गेलं भरकटत. गिरकी झालीच नाही, शेपूट चौकटीबाहेर गेलं. टिंब टाकायला जागाच उरली नव्हती, तरी त्यानं ते टाकलं.

"असू दे, काका. पुन्हा एकदा करा. निवांत."

दुसरी पहिलीहून वाईट. साहेबांनी कपाळाला आठी घातली, रागाची नव्हे, कोड्याची. कॉम्प्युटरवर काही तरी शोधलं आणि पडदाच त्याच्याकडं फिरवला. "अहो, हे गेल्या काही महिन्यांतले तुमचे चेक. ह्याच्यावर तर काय झकास आहे सही! आजच काय झालं?"

पडद्यावर चेकांची चित्रं होती. पेंटर पुढं वाकला. बघत राहिला. पहिलं, दुसरं, तिसरं. ताठ अक्षर, गिरकीत गिरकी, शेपूट, टाच, टिंब. कुठंही थरथर नाही. बायको शेजारच्या खुर्चीत पदराचं टोक पिळत खाली बघत होती. तिला न बघताही कळलं, तो आता सहीकडं बघत नाही, तिच्याकडं बघतोय.

तिला वाटलं, आता हा बोलणार. आता साहेब विचारणार, हे चेक कुणी लिहिले. आता आपल्याला उभं राहावं लागणार.

पेंटर खाकरला. "आज हात दगा देतोय, साहेब. चालतो कधी, कधी नाही. असल्याच्या भरवशावर खातं ठेवू नये." मग त्यानं डावा हात टेबलावर ठेवला, पालथा, आणि अंगठा बाजूला काढला. "अंगठा घ्या."

"अहो काका, डॉक्टरांचं पत्र आणलंत तर आपण..."

"पत्र देतो. पण अंगठाच घ्या. कायमचा."

काउंटरवरची मुलगी शाईची डबी घेऊन आली. त्याचा अंगठा हलत होता, म्हणून तिनं तो आपल्या हातात घट्ट धरला, पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला. एक काळा, गोल डाग. कुणाचाही असू शकेल असा. साहेबांनी त्याच्याखाली पेंटरचं नाव लिहिलं आणि साक्षीची सही केली. बायकोच्या डोळ्यांतलं पाणी अर्जावर पडू नये, म्हणून तिनं खुर्ची मागं सरकवली.

बाहेर आल्यावर पेंटर शीळ घालत नव्हता. बागेजवळच्या बाकावर तो बसला. ती उभीच राहिली.

"कधीपासून?"

"पाण्याचा चेक परत आला ना, त्याच्या पुढच्यापासून."

"म्हणजे सगळे."

"सगळे."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

"मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "दर वेळी सांगणार होते. तुम्ही हसायचात."

त्यानं मान हलवली. रागवला असता, चार लोकांत आवाज चढवला असता, तर तिला सोपं गेलं असतं. तिनं तेवढ्याची तयारी ठेवली होती. पण तो आपल्या काळ्या अंगठ्याकडं बघत, एखाद्या परक्या माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाला, "मला वाटलं, औषध लागू पडलं."

ती त्याच्या शेजारी बसली. तो म्हणाला, "ब्रश परत घेईल का गं तो? वापरले नाहीयेत."

दुकानदारानं ब्रश परत घेतले. औषधवाल्याला तिनंच जाऊन सांगितलं, छापील बोर्ड लावा म्हणून. तो म्हणाला, "मला ठाऊकच होतं, पेंटरीणबाई. पण त्यांना नाही कसं म्हणणार?" तिला वाटलं, म्हणजे सगळेच तसे. आपण एकट्या नाही. ह्या विचारानं बरं वाटायला हवं होतं.

लेकीनं फोन केला तेव्हा पेंटर म्हणाला, "खात्यात आईचं नाव घातलं. झालं काम." एवढंच. अंगठ्याचं तिनं सांगितलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात विजेचं बिल आलं. तिनं चेक लिहिला, दोन तिरप्या रेघा मारल्या, 'फक्त' लिहून कडेपर्यंत रेघ ओढली, आणि सवयीनं त्याच्यापुढं सरकवला. त्यानं तो तसाच तिच्याकडं परत ढकलला. मग तिनं सही केली. साधी, सुटी अक्षरं, शाळेतल्या पाटीवर असतात तशी. तो वाकून बघत होता.

"कुणीही काढील ही."

"काढू दे. आपल्या खात्यात असं काय घबाड आहे?"

"मी काढली असती," पेंटर म्हणाला. "एका दमात. तुलासुद्धा तुझीच वाटली असती."

"असती," ती म्हणाली.

"तुझी नक्षीदार करून द्यायची राहिली."

"मला हीच बरी आहे."

तिनं चेक चेकबुकातून फाडला, पिशवीत घातला, पायात चपला घातल्या. "येताय?"

"तू ये जाऊन."

कोपऱ्यावर एकटीनं चहा कसा प्यायचा, हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो तिथंच सोडला. दार ओढून घेताना आत बघितलं. पेंटर खुर्चीत ताठ बसला होता. एक हात दुसऱ्या हातानं मांडीवर दाबून धरला होता, चोराला धरावा तसा, आणि धरलेला आणि धरणारा, दोन्ही हात हलत होते.